लोट्याचे रिॲक्टर स्वस्त कोणासाठी?

रत्नागिरी : खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत चर्चेत आली ती इटलीतील एका बंद कारखान्यामुळे. व्हिचेंझा परिसरातील ‘मितेनी’ हा रासायनिक कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाला. निसर्गात सहजी न विघटणाऱ्या ‘पीफास’ या फ्लोरिनयुक्त रसायनांनी तेथील भूजल दूषित केल्याप्रकरणी न्यायालयाने जून २०२५ मध्ये ११ जणांना दोषी ठरविले. याच कारखान्याची यंत्रसामग्री लक्ष्मी ऑरगॅनिक उद्योगसमूहाने २०१९ मध्ये विकत घेऊन लोट्यात आणली.

वापरलेली यंत्रे घेण्यात मुळात गैर काही नाही. हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खाते. त्यामुळे औषध कारखान्यांत सर्रास दिसणारे काचेच्या अस्तराचे रिॲक्टर या कामी निरुपयोगी ठरतात. निकेलयुक्त महाग मिश्रधातूंची भांडी लागतात आणि ती तयार मिळाली तर भांडवली खर्चात मोठी बचत होते. मात्र जुन्या यंत्राबरोबर जुन्या प्रक्रियेची मर्यादाही येते. नेहमीच्या जैविक शुद्धीकरणाने पीफास मोडत नाहीत. सक्रिय कोळशात ते अडकतात, पण पुढे त्या कोळशाचीही विल्हेवाट लावावी लागते. रिॲक्टरच्या किमतीत हा खर्च धरला जातो का, हा खरा मुद्दा आहे.

दुसरी काटकसर आकाराची. व्यास दुप्पट केला की भांड्याचे घनफळ आठपट होते, उष्णता बाहेर काढणारा पृष्ठभाग मात्र चौपटच. चार लहान रिॲक्टरांपेक्षा एक मोठा स्वस्त पडतो, पण उष्मादायी अभिक्रिया आवरणे तितकेच कठीण होते. थंड पाण्याचा पुरवठा, दाबमुक्तीची झडप, पर्यायी वीज यांवरच मग सारी भिस्त. मार्च २०२१ मध्ये लोट्यातीलच एका कारखान्यात स्फोट होऊन कामगारांचे प्राण गेले. तेव्हापासून येथे हा विषय केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही.

मितेनीत घडले ते लोट्यात घडेलच असे नव्हे. पण वसाहतीच्या सामाईक केंद्रातील सांडपाणी दाभोळ खाडीत जाते आणि तेथील मच्छीमारांच्या तक्रारी जुन्याच आहेत. युरोपीय संघाने पिण्याच्या पाण्यातील वीस पीफासची एकत्रित मर्यादा लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम ठरविली. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या २०१२ च्या राष्ट्रीय मानकात या रसायनांचा उल्लेखही नाही. तेव्हा खाडीच्या पाण्याची तपासणी कोणत्या निकषावर करायची, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाला आधी ठरवावे लागेल.