सगळ्यात लहान पाऊल पुढे

गेल्या रविवारी दुपारची भांडी आवरून जरा आडवी होते न होते तोच समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनी आल्या. हातात प्रवासकंपनीचं गुळगुळीत रंगीत पत्रक. मे महिन्यात सिंगापूरहून निघणाऱ्या बोटीने जायचं ठरलंय म्हणाल्या. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत. तिकिटं काढून झालीत. आता अडलंय ते एकाच ठिकाणी. बोट ज्या ज्या बंदराला लागते तिथे उतरून करायच्या सहलींची भली मोठी यादी आहे, तिला ‘शोअर एक्स्कर्शन’ म्हणतात म्हणे. त्यातलं काय घ्यावं? वहिनींचा मुलगा दोन वर्षांचा, मुलगी चार पूर्ण.

“तुम्ही जाऊन आलात ना, मग तुम्हीच खुणा करून द्या,” असं म्हणून त्यांनी पेन्सिलच माझ्या हातात दिली.

खुणा काही मी लगेच केल्या नाहीत. आधी चहा टाकला आणि आमची फजिती सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते. हल्ली आपल्याकडच्या कितीतरी जणी पोराबाळांना घेऊन बोटीच्या सफरीला निघतात. एखादीच्या तरी उपयोगी पडेल.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही सिंगापूरला धाकट्या दिरांकडे गेलो होतो. तिथूनच चार रात्रींची बोटीची सफर घेतली. आमची मोठी तेव्हा पाच वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. घरून निघण्यापूर्वीच ह्यांनी यादी वाचून दोन्ही बंदरांच्या सहली ठरवून टाकल्या. “एवढे पैसे खर्चून जायचं, मग सगळं बघून यायचं,” हा हिशेब. खोटं कशाला बोलू, माझाही तोच होता.

पेनांगला बोट दुपारी बाराला लागली. एक वाजता बस. पेनांगची टेकडी, मग खालचं केक लोक सी नावाचं मोठं बौद्ध देऊळ, वाटेत एक दुकान, आणि सहाला परत. कागदावर किती छान दिसतं पाहा! पण दुपारचा एक म्हणजे आमच्या धाकट्याची झोपेची वेळ, हे त्या कागदावर कुठे लिहिलेलं असणार? चाळीस माणसं बसमध्ये चढेपर्यंतच अर्धा तास गेला. टेकडीवर जायला तारेने ओढली जाणारी रेल्वे आहे, १९२३ सालापासूनची. आता डबे नवे आहेत, आणि टेकडी सुमारे ८३३ मीटर उंच, त्यामुळे वर हवा गार. पण त्या गार हवेपर्यंत पोचायला खाली रांगेत उभं राहावं लागतं, आणि पेनांगला डिसेंबरातही आपल्या मे महिन्यासारखा घाम येतो. धाकटा खांद्यावर रडून रडून लाल झाला. वर पोचलो तेव्हा झोपला. देवळापाशी उतरताना त्याला उठवावं लागलं. तिथे पायऱ्याच पायऱ्या, बाबागाडी बसमध्येच. हे त्याला घेऊन खाली सावलीत बसले, मी मोठीचा हात धरून अर्ध्या वाटेपर्यंत चढले, आणि बस सुटेल या धास्तीने तशीच खाली आले. देऊळ कसं होतं विचाराल तर मला पायऱ्याच आठवतात.

रात्री झोपताना मोठी म्हणाली, “आई, आज तू सारखी चल, चल, चलच म्हणत होतीस.”

मनाला फार लागलं हो. कारण मी अर्धवेळ का होईना, शिक्षिका आहे. दर वर्षी आमच्या शाळेची सहल निघते, तेव्हा आम्ही बाई लोक एक नियम कटाक्षाने पाळतो: जे मूल सगळ्यात हळू चालतं त्याला रांगेत सगळ्यात पुढे ठेवायचं. मग कुणी मागे राहत नाही आणि कुणाला धावावंही लागत नाही. परक्यांच्या पन्नास मुलांसाठी जे मला सुचतं, ते घरच्या दोघांसाठी सुचू नये?

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पुण्याच्या एक आजी भेटल्या. लेक, जावई आणि वर्षाच्या नातवाबरोबर आल्या होत्या. त्यांनी सहल घेतलीच नव्हती. पेनांगला बोट थेट जॉर्जटाउन गावालाच लागते, स्वेटनहॅम पिअर म्हणतात त्या धक्क्याला. बाहेर पडलं की समोरच व्हिक्टोरिया राणीच्या नावाचं घड्याळाचं मनोरं, तिच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून साठ फूट उंच बांधलेलं. पलीकडे इंग्रजांचा जुना किल्ला, फोर्ट कॉर्नवॉलिस. आणखी थोडं चाललं की ‘लिटल इंडिया’: साड्यांची दुकानं, फुलांचे गजरे, इडली-डोसा, आणि १८३३ साली बांधलेलं महामारीअम्मनचं देऊळ. हे सगळं जुनं गाव २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. आजी ऊन उतरल्यावर चार वाजता निघाल्या, बाळाला मऊ इडली भरवली, देवीला नमस्कार केला आणि सहाला परत. बाळ बाबागाडीत झोपलेलं. खर्च म्हणाल तर इडलीचा. आम्ही मात्र चौघांचे पैसे भरून रांगेत उभे!

आता दुसऱ्या दिवशीचं फुकेत उरलं होतं. तिथे ह्यांनी स्पीडबोटीने बेटांवर जायची सात तासांची सहल ठरवलेली. मी रात्रीच म्हटलं, “अहो, उद्याचं रद्द करू या.” खाली सहलींच्या टेबलावर विचारलं, तर रद्द करायची मुदत संपलेली, पैसे परत नाहीत. हे बराच वेळ गप्प होते. आकडा काही लहान नव्हता. मग म्हणाले, “पैसे तर गेलेच, आता पोराचे हाल तरी नकोत.” संसारात कधी कधी नवऱ्याचं एवढं एक वाक्य पुरतं.

सकाळी आमची बोट पातोंगच्या किनाऱ्यासमोर समुद्रातच उभी राहिली. लहान लाँचमधून, आपण मांडव्याला जातो तसं, किनाऱ्यावर जायचं. पहिली गर्दी ओसरू दिली, धाकट्याच्या मापाचं लाइफजॅकेट मागून घेतलं, बाबागाडी घडी करून हातात धरली. किनाऱ्यावर झाडाच्या सावलीत चादर पसरली. घरून आणलेला प्लॅस्टिकचा मग आणि चमचा, एवढ्यावर दोन तास दोघं वाळूत रमली. नारळपाणी प्यायलो. जेवायच्या वेळेला बोटीवर परत, आणि दुपारी चौघंही खोलीत गाढ झोपलो. बाकी सगळे बाहेर गेल्याने बोट अशी शांत, की आपल्याच मालकीची वाटावी.

एक गोष्ट मात्र तिथे अशी घडली की ती ऐकाच. आम्ही लाँचच्या धक्क्यावर उभे असताना ह्यांनी मोबाइलमध्ये वेळ पाहिली आणि म्हणाले, “अजून तासभर आहे की, थांबू या.” मला बोटीवरच्या सूचनेची आठवण झाली. थायलंडचं घड्याळ सिंगापूर-मलेशियाच्या एक तास मागे आहे. मोबाइल आपोआप तिथली वेळ दाखवतो. पण आमची बोट चालत होती सिंगापूरच्या वेळेवर! संध्याकाळी आम्ही गच्चीवरून पाहत होतो, तर शेवटच्या लाँचकडे एक कुटुंब मुलांना कडेवर घेऊन धापा टाकत पळत येत होतं. तीच चूक. म्हणून उतरण्यापूर्वी एक हातातलं घड्याळ बोटीच्या वेळेवर लावून ठेवा आणि त्याला हात लावू नका.

वहिनींसाठी मी कागदावर जे लिहून दिलं, ते तुम्हालाही देते.

सहल ठरवण्याआधी बोट धक्क्याला लागणार की लाँचने जायचं, हे विचारा. लाँच असेल तर जातायेता रांगेचा वेळ धरा आणि तेवढी छोटी सहल घ्या.

‘चार तासांची सहल’ म्हणजे बोटीतून निघून बोटीत परत येईपर्यंत चार तास, की नुसतं बघण्याचे? बसमध्ये किती वेळ? पायऱ्या किती? संडास, सावली कुठे? मध्येच परत यायची सोय आहे का? विचारायला लाजू नका.

वयाची अट पाहा. स्पीडबोटीवर बहुधा तान्ह्या बाळांना आणि गरोदर बायकांना घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. लाटेवर बोट आपटते तेव्हा मोठ्यांचीही पाठ दुखते. मे ते ऑक्टोबर तिकडचा पावसाळा. तेव्हा फुकेतच्या समुद्राला ओढ असते. किनाऱ्यावर लाल बावटा दिसला की पोरांना पाण्यात पायसुद्धा बुडवू देऊ नका.

बसमध्ये लहान मुलांची वेगळी खुर्ची सहसा नसते. तुम्हाला हवी असेल तर आधी विचारून ठेवा.

बोटीच्या सहलीची बस उशिरा आली तर बोट सहसा तिच्यासाठी थांबते. स्वतंत्र गाडी करून गेलात तर थांबत नाही. म्हणून स्वतःचं स्वतः फिरायचं असेल तर धक्क्याच्या जवळच फिरा आणि शेवटच्या वेळेच्या तास-दीड तास आधी परत या.

बाळाला बोटीवर ठेवून आपण जाऊ, असा विचार करत असाल तर आधी चौकशी करा. मुलांचे वर्ग बहुतेक बोटींवर तीन वर्षांपासून पुढे, तेही डायपर सुटलेल्यांसाठी. त्यापेक्षा एकाने मोठीला घेऊन लहानशी सहल करावी आणि दुसऱ्याने धाकट्याजवळ राहावं. पुढच्या बंदराला पाळी बदलावी.

बरोबर पाणी, टोपी, बदलायचे दोन जोड, ओला रुमाल, बंद पुड्यातली बिस्किटं किंवा राजगिऱ्याचे लाडू. बोटीवरची फळं आणि शिजवलेलं अन्न घेऊन उतरायला बहुतेक बंदरांत मनाई असते.

आणि रद्द करण्याची मुदत कधी संपते, ते पैसे भरतानाच वहीत लिहून ठेवा. आमच्यासारखं करू नका.

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या बोटीलाही हाच हिशेब. बोट मुरगाव बंदराला लागते. तिथून बोगमाळ्याचा किनारा जवळ. कळंगुट म्हटलं की जातायेताच दोन तासांच्या वर गेले, आणि वाळूत खेळणाऱ्या पोराला कळंगुट काय नि बोगमाळे काय!

तुम्ही म्हणाल, एवढ्या लांब जाऊन किनाऱ्यावर चादर पसरून बसायचं? मलाही तसंच वाटलं होतं. पण टेकडी कुठे जात नाही, देऊळही नाही. मुलं दहा-बारा वर्षांची झाली की त्याच पायऱ्या ती आपल्या आधी चढतील आणि वरून हाका मारतील. पुन्हा जाणं होईल न होईल, हे खरं. पण मागच्या वेळी गेले होते तरी माझं बघून कुठे झालं होतं?

वहिनींनी कागद वाचला आणि पेन्सिल परत घेतली. पेनांगची टेकडी खोडली, स्पीडबोट खोडली. मग जरा थांबून म्हणाल्या, “ह्यांना काय सांगू?” मी म्हटलं, “इडलीचं सांगा.”

आमच्या मोठीला परवा शाळेत ‘माझा प्रवास’ या विषयावर निबंध होता. तिने पेनांगचं नावही घेतलं नाही. लिहिलं होतं, आम्ही मगाने वाळूचे सात डोंगर केले आणि आईने आठवा केला.