संसारोपयोगी विचार : हत्यार, हमी आणि पावती

हिंगोलीच्या बाजारांत कुदळ किंवा पक्कड घेतांना गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ‘कोणत्या कंपनीची?’ हा असतो. प्रश्न योग्य, परंतु अपुरा होय. टाटांचीं ‘अ‍ॅग्रिको’ अवजारें १९२५ पासून निघत आहेत. नाशिकला कारखाना असलेल्या टपारियाच्या पकडी व पाने सर्वपरिचित आहेत. नांवाला किंमत आहेच. तथापि हत्याराचें आयुष्य पोलादावर आणि त्यास दिलेल्या पाण्यावर ठरतें : पाणी कमी बसल्यास धार वळते, अधिक बसल्यास पातें तडकतें.

हमीचेंहि तसेंच. ती बहुधा घडणींतील दोषापुरती असते. झिजेस, किंवा पकडीनें खिळे ठोकल्यानें झालेल्या मोडतोडीस ती लागू नसते. हळद काढणीच्या ऐन दिवसांत कुदळ मोडली, तर मजुराचा रोज बुडतो. तो हमी भरून देत नाहीं. म्हणून ‘बदलून कोण देणार, आपण कीं दूरची कचेरी?’ हें दुकानदारास आधींच विचारावें आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावें.

इतकें करूनहि टाळाटाळ झाल्यास १९१५ या दूरध्वनी क्रमांकावर ग्राहकांस साहाय्य मिळतें. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें, कंपनी परगांवची असली तरी, दोन वर्षांच्या आंत आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार नेतां येते. पांच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाहीं. ज्यांचें शेत आहे त्यांनीं आपल्या सालगड्यासहि हें सांगावें. कुदळ त्याच्या हातीं असते, पावती मात्र आपल्या कपाटांत.