मोटारीला स्टार्टर, हाताला काय?

आपल्या सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी विहिरीवर मोटार बसवतो तेव्हा सोबत स्टार्टर घेतोच. वीज गेली की स्टार्टर सुटतो आणि वीज परत आली तरी बटण दाबल्याशिवाय मोटार फिरत नाही. मोटार जळाली तर किती हजारांचा खड्डा पडेल, हे त्याला पाठ असते.

आता शहरातल्या जुळे सोलापूर भागातल्या एखाद्या नव्या इमारतीत जा. तिथे फर्निचरचे काम चालू असेल. फरशी कापायचा चार इंची कटर प्लायच्या फळीखाली उलटा आवळलेला दिसेल. गार्ड काढून टाकलेले आणि चाप सुतळीने करकचून बांधलेला. मध्येच वीज जाते. मिस्त्री पात्याभोवतीचा भुसा हाताने झटकू लागतो. वीज येते.

ते पाते मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेते, म्हणजे सेकंदाला दोनशे. त्याला तीस दात असतील तर सेकंदाला सहा हजार दात एका जागेवरून जातात. चटका बसल्यावर माणूस हात मागे घेतो, त्याला सेकंदाचा पाचवा भाग लागतो असे धरा. तेवढ्यात बाराशे दात बोटावरून गेलेले असतात. "मिस्त्री, जरा जपून" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करावा. इथे जपून काम करणे माणसाच्या शरीराच्या आवाक्याबाहेरचे आहे. संरक्षण यंत्रातच असावे लागते.

ते बसवायला परदेशी कारखाना लागत नाही. अमेरिकेत बोट टेकताच काही मिलिसेकंदांत पाते थांबवणारी करवत निघाली, पण ती आपल्या मिस्त्रीच्या ऐपतीत नाही. आपल्याला हवे ते वखारीतल्या तुकड्यांत पडलेले आहे. सोलापूरच्या पूर्व भागातला जॉबर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा कारागीर, नुसत्या आवाजावरून धोट्याचा दोष ओळखतो आणि भंगारातल्या पट्टीने माग चालू करतो. अशा गावात हिकमतीचा दुष्काळ आहे, हे मला कोणी सांगू नये.

सर्वांत आधी पात्यामागची पाचर. लाकूड चिरताना चीर मिटू लागते आणि पात्याचे मागचे अंग आवळते. ते मागचे दात वर येत असतात. ते फळीला उचलतात आणि सरळ मिस्त्रीच्या पोटावर फेकतात. फळी उसळली की तिच्यावर दाबलेला हात पात्यावर पडतो. पात्याच्या पत्र्याहून किंचित जाड, पण दातांनी पाडलेल्या चिरेहून बारीक अशी पोलादी पट्टी पात्याच्या अगदी मागे, त्याच रेषेत उभी केली की चीर मिटत नाही. एवढीशी पट्टी! मग प्लायच्या तुकड्याला खाच पाडून ढकलकाठी करावी, म्हणजे शेवटचा वीतभर भाग हाताने ढकलावा लागत नाही. पाते जिथून वर येते तिथली रुंद भोक असलेली फळी काढून नवी बसवावी आणि फिरत्या पात्यानेच तिला नेमकी फट पाडून घ्यावी. बारीक तुकडे आत अडकत नाहीत आणि प्लायची कडही उखडत नाही. सनमायका लावलेल्या फळीचा टवका उडाला म्हणून मिस्त्रीचे पैसे कापणाऱ्यांनी हे ऐकावे.

लाकूड जिच्या कडेने सरकते ती गाइडची पट्टी पात्याला समांतर हवी. पात्याच्या एकाच दातावर खूण करावी, तो दात पुढे आणून माप घ्यावे, मागे फिरवून पुन्हा घ्यावे, अर्थात वायर काढून. मापे सारखी नसतील तर लाकूड पात्यावर घासते, काळे पडते, माप चुकते आणि उसळीही तिथूनच सुरू होते. काटेकोर काम आणि शाबूत बोटे एकाच खुणेवर मिळतात. आणि शेवटी स्टार्टर, विहिरीवर असतो तसाच, गुडघ्याने दाबून बंद करता येईल अशा जागी.

हे सारे एका दिवसाचे काम. मग होत का नाही? "मिस्त्री ऐकत नाहीत," असे सुशिक्षित मंडळी म्हणतात. मी विचारतो, तो दिवस त्याला कोणी दिला? दर चौरस फुटावर ठरतो. वास्तुशांतीची तारीख आधी पत्रिकेत छापली जाते, कपाट नंतर सुरू होते. फळीच्या जाडीत पात्याची खोली जाते म्हणून गार्ड निघते आणि प्रत्येक कापाला चाप दाबायला वेळ जातो म्हणून सुतळी येते. ती सुतळी आपल्या घाईने बांधलेली आहे. माझ्याही घरी ती होती. मी पाहिली, आणि कपाट गुरुवारपर्यंत हवे एवढेच बोललो. याची लाज मला आजही वाटते.

१९४८ च्या कारखाना कायद्याने फिरत्या यंत्राला आडोसा सक्तीचा केला, पण वीस माणसांहून लहान कारखान्याला तो सहसा गाठतच नव्हता. तीन माणसांचे सुतारकाम तर जिन्याखालीच चालते. १९२३ च्या भरपाई कायद्याने बोटांचा दर लावून ठेवला: अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट, पूर्ण तर्जनी १४, मधले बोट १२, करंगळी ७. पण हा दर मागायचा कोणाकडे? घरमालक म्हणतो, ठेकेदाराला विचार. ठेकेदार म्हणतो, तू तर तुझा तूच मालक. मिस्त्री पट्टी बांधून घरी बसतो आणि पुढच्या कामाला त्याच्या जागी दुसरा येतो. तुटके बोट पाहून आपण म्हणतो, धंदाच तसा. डॉक्टरच्या, वकिलाच्या हाताबद्दल आपण असे कधी म्हटले आहे? बलुतेदाराचा हात झिजण्यासाठीच असतो, हे पिढ्यान्पिढ्यांचे पाप या दोन शब्दांत बोलते.

आणि हे शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या सोलापुरात! बाराव्या शतकात त्यांनी इथे तळे उभारले. श्रमालाच पूजा मानणाऱ्या, त्याला कायक म्हणणाऱ्या शरण संतांच्या मेळ्यात ते मानाने बसले. आपण दरवर्षी त्यांच्या यात्रेत नंदीध्वजांपुढे हात जोडतो. हत्यारे पूजायच्या खंडेनवमीला त्याच कटरला हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो आणि दुसऱ्या दिवशी चाप पुन्हा बांधतो.

या खंडेनवमीला ज्याच्या घरी काम चालू आहे त्याने माळ आणण्याआधी खाली वाकून पात्यामागे पाहावे. पाचर नसेल तर म्हणावे: "मिस्त्री, आज कपाट राहू द्या. आधी हे बसवा. आजच्या दिवसाची मजुरी माझ्याकडे."