समुद्रातला वारा आणि खानदेशचा वाटा

समुद्रापासून सुमारे अडीचशे किलोमीटर आत वसलेल्या गावी समुद्राविषयी अग्रलेख लिहिला जावा, आणि तोही पहिल्या पानावर, ह्याचे काही वाचकांस नवल वाटेल. खानदेशापुढे प्रश्न थोडे आहेत काय, असेही कोणी विचारील. कापसाच्या भावाचा प्रश्न आहे, पाण्याचा आहे, शिकून रिकाम्या बसलेल्या मुलांचा आहे. आज जो विषय आम्ही घेत आहो तो ह्या शेवटच्या प्रश्नाशी निगडित आहे आणि त्याचा निकाल आणखी काही काळाने लागून गेला म्हणजे त्यावर लिहिण्यात अर्थ उरणार नाही.

जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने समुद्रातील पवनचक्क्यांसाठी 7,453 कोटी रुपयांच्या साहाय्याची योजना मंजूर केली. गुजरात आणि तमिळनाडू ह्यांच्या किनाऱ्यांलगत प्रत्येकी 500 मेगावॉट क्षमतेच्या पवनचक्क्या उभारावयाच्या आणि त्यांची अवजड सामग्री हाताळता यावी म्हणून दोन बंदरे 600 कोटी रुपये खर्चून सुधारावयाची, असे तिचे स्वरूप आहे. तत्पूर्वी डिसेंबर 2023 मध्ये समुद्राचा तळ भाडेपट्ट्याने देण्याचे नियम जाहीर झाले होते. प्रकल्प उभारून चालविण्यासाठी मिळणारा पट्टा 35 वर्षांचा आहे. पुढे निविदा निघाल्या, त्यांच्या मुदती वाढत गेल्या आणि अखेर 2025 साली त्या रद्द कराव्या लागल्या. पुष्कळांनी ह्याचा अर्थ योजना बुडाली असा केला. आमचे मत तसे नाही. हे काम जगात कोठेही पहिल्याच फेरीत सुरळीत झालेले नाही. मात्र निविदा रद्द झाल्यामुळे एक गोष्ट अनायासे साधली आहे. अटींचा कागद पुन्हा लिहिता येण्याजोगा झाला आहे. त्या कागदावर काय असावे हे सांगण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यांत आम्ही खानदेशी लोकांची गणना करतो.

हा अधिकार कोठून आला? गुजरातेतील नियोजित जागा खंबातच्या आखातात आहे आणि त्याच आखातास आमची तापी मिळते. आम्ही शाळेत भूगोल शिकवीत असू तेव्हा मुलांची बोटे नकाशावर मुलताईहून निघत आणि भुसावळ, अमळनेर, शिरपूर ह्या तालुक्यांवरून फिरत फिरत सुरतेच्या पुढे निळ्या रंगात जाऊन थांबत. नदीचाच मार्ग धरून विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी व्हॅली रेल्वे आली आणि अमळनेर सुरतेशी जोडले गेले. खानदेशचा कापूस त्या वाटेने गेला, माणसेही गेली. आज सुरत आणि उधना येथील कारखान्यांत खानदेशी माणूस किती आहे हे कोणास सांगावयास नको. कित्येक घरांत एक तरी पोरगा तिकडे आहे. तेव्हा त्या आखातात उभा राहणारा उद्योग आम्हांस परका नाही. प्रश्न इतकाच, की तेथेही आमचा माणूस केवळ हातमजुरीस जाणार की त्या उद्योगाचा काही भाग इकडे येणार.

ह्या बाबतीत आम्हांस अनुभव आहे आणि तो फारसा सुखाचा नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या परिसरात जी पवनचक्क्यांची रांग दिसते तिची क्षमता 528 मेगावॉट आहे. म्हणजे आखातासाठी जेवढ्या क्षमतेची निविदा निघाली, त्याहून थोडी अधिकच क्षमता आमच्या खानदेशच्या डोंगरांवर आधीच उभी आहे. हा प्रकल्प लहान नव्हे. देशातील मोठ्या पवनक्षेत्रांत त्याची गणना होते. असे असता त्याच्या मागोमाग धुळे जिल्ह्यात काय आले ह्याचा हिशेब कोणी मांडला आहे काय? लांबलचक गाड्यांवरून पाती आली, मनोऱ्यांचे तुकडे आले, ते उभे करणारे कारागीर आले आणि काम संपताच कारागीर गेले. काही जमीनमालकांस पैसे मिळाले, काही मुलांस राखणदारी मिळाली. थोड्या मुलांनी मनोऱ्यावर चढून यंत्रे दुरुस्त करण्याचे कसब मिळविले, त्यांच्याविषयी पुढे लिहू. ज्या वनजमिनी पवनचक्क्यांकडे वळविल्या गेल्या, त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आदिवासींच्या हक्काचा प्रश्न त्यातून उभा राहिला आणि त्यासाठी मोर्चे निघाले. वीज निघाली ती तारांवरून गेली. पट्टा देताना सरकारने जागेचे मोल मागितले, कामाचे मागितले नाही. जे मागितले नाही ते मिळालेही नाही. त्यात कंपन्यांस दोष देण्यापेक्षा मागणाऱ्यास द्यावा हे बरे.

उलट उदाहरण पाहावयाचे तर अमळनेर सोडावयास नको. 29 डिसेंबर 1945 रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ह्या नावाची कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना येथे निघाला. आज तिला सारे जग विप्रो म्हणून ओळखते. भोवतालच्या शेतांत भुईमूग होता म्हणून तेलाचा कारखाना आला, कारखाना होता म्हणून भुईमुगाला गिऱ्हाईक राहिले, आणि गावातील लोकांनी त्या कंपनीचे भाग घेतले. कोणी विश्वासाने घेतले, कोणी भिडेखातर घेतले, कोणी घेऊन पेटीत ठेवले आणि विसरून गेले. त्या पेट्या पुढे उघडल्या तेव्हा काय झाले ही कथा अमळनेरात घरोघर ठाऊक आहे. कंपनीची मुख्य कचेरी बंगलोरला गेली, धंदा तेलातून संगणकात गेला, तरी तिच्या भरभराटीचा एक झरा ह्या गावात वाहत राहिला, कारण मालकीचा एक लहानसा तुकडा येथे होता. कच्चा माल, काम आणि भाग ह्या तिन्ही बाजूंनी गाव त्या धंद्यात गुंतले होते. साक्रीचे डोंगर त्यांपैकी एकाही बाजूने गुंतले नाहीत.

परदेशातही हाच धडा दोन्ही अंगांनी दिसतो. स्कॉटलंडमधील फाइफच्या किनाऱ्यावर पोलादी पायांची बांधणी करणारे जुने कारखाने होते. त्यांच्या डोळ्यांसमोरच्या समुद्रात पवनचक्क्या उभारण्याचे ठरले, पण त्या पायांचे बहुतेक काम इंडोनेशियासारख्या दूर देशी गेले आणि हे कारखाने चालविणारी कंपनी 2020 च्या अखेरीस डबघाईस आली. लोक संतापले. त्यानंतर जानेवारी 2022 मध्ये स्कॉटलंडने समुद्रतळाचे 17 पट्टे दिले, तेव्हा प्रत्येक अर्जदाराकडून कोणते काम कोठे करून घेणार ह्याचे लेखी निवेदन आधी घेतले आणि ते करारात बांधले. पाळले नाही तर दंडाची तरतूद केली. एवढ्याने तेथे सारे आलबेल झाले असे नव्हे. कामे रेंगाळली आहेत आणि निवेदने भरघोस असली तरी कारखाने एका रात्रीत उगवत नाहीत. परंतु प्रश्न पट्टा देण्यापूर्वी विचारावयाचा असतो, नंतर नव्हे, एवढे तरी ते शिकले. डेन्मार्कमध्ये तर कोपनहेगनजवळच्या मिडेलग्रुंडेन येथे 2000 साली वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांपैकी दहा एका सहकारी संस्थेच्या मालकीच्या होत्या आणि तिचे सभासद साडेआठ हजारांवर होते. सहकाराचे शिक्षण महाराष्ट्राने इतरांस द्यावे अशी आपली ख्याती. ऊस गाळण्यासाठी जे आपणांस सुचले ते वाऱ्यासाठी कसे सुचले नाही, ह्याचे आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटते.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. समुद्रातील वीज मुळातच महाग. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड, तळ गाळाचा, पाया खोल न्यावा लागतो. त्यात अमुक वस्तू अमुक ठिकाणीच घ्या अशी सक्ती केली तर भाव आणखी चढेल, पुन्हा निविदा ओस पडेल आणि अखेर भुर्दंड वीज वापरणाऱ्यास बसेल. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे; म्हणूनच टक्केवारीची सक्ती आम्ही मागत नाही. 2025 साली केंद्र सरकारने पाती, मनोरे, गिअरबॉक्स, जनित्रे इत्यादी भाग मान्य यादीतील उत्पादकांकडूनच घ्यावेत असा नियम पवनचक्क्यांसाठी केला, तोही ह्या कामी पुरेसा नाही. देशी माल आणि भोवतालचे काम ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमची मागणी निवेदनाची आहे. पट्टा घेणाऱ्याने कोणते काम कोणाकडून आणि कोठे करून घेणार हे आधी लिहून द्यावे, ते प्रसिद्ध व्हावे आणि दर वर्षी तपासले जावे. त्याहून महत्त्वाचे हे, की सरकारने एकाच निविदेवर न थांबता पुढील दहा वर्षांचे वेळापत्रक द्यावे. एकदाच मिळणाऱ्या कामासाठी कोणीही शहाणा माणूस यंत्रे बसवीत नाही.

आपल्याच देशात ह्याचा दाखला आहे. 1974 साली मुंबई हायला तेल लागले, तेव्हा समुद्रात पोलादी मंच उभारण्याची विद्या आपणांजवळ नव्हती. एकामागून एक मंचांची मागणी येत गेली म्हणून माझगाव डॉकसारख्या गोदीस ती शिकता आली, पुढे हजिऱ्यास खाजगी उद्योगही तयार झाला. पवनचक्कीचा समुद्रातील पाया हा त्याच विद्येचा धाकटा भाऊ होय.

आता खानदेशाने आपली कुवत नीट ओळखावी. भाबडेपणा नको. समुद्रातील पवनचक्कीचे पाते ऐंशी-शंभर मीटर लांबीचे असते. ते कोंडाईबारीच्या घाटातून उतरविता येणार नाही. मनोरे आणि पाये बंदरालगतच होतील आणि तसेच झाले पाहिजे. पण एका पवनचक्कीत हजारो लहान वस्तू असतात. मनोऱ्याच्या आतील शिड्या आणि कठडे, विजेच्या पेट्या, तारांचे आधार, बोल्ट, तंतुकाचेची आवरणे, रबरी आणि प्लास्टिकचे भाग. जळगावने नळ्या आणि चटया करता करता प्लास्टिक हाताळण्याची विद्या कमावली आहे. नरडाणे औद्योगिक क्षेत्र तर मुंबई-आग्रा महामार्गावरही आहे आणि सुरत-भुसावळ लोहमार्गावरही आहे; अशी जागा फुकट जाऊ देणे हा करंटेपणा होईल. आणि सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे वर उल्लेखिलेली मुले. साक्रीच्या मनोऱ्यांवर जी चढली, वाऱ्यात दोरास लटकून ज्यांनी पात्यांच्या भेगा बुजविल्या, त्यांच्या हाती जे कसब आहे ते देशात फार थोड्यांजवळ आहे. समुद्रातील पवनचक्की पाव शतक चालते आणि तितका काळ तिला अशी माणसे लागतात. मात्र त्या मुलांच्या हाती आज कसबाचा दाखला नाही. धुळे, साक्री आणि अमळनेर येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून, जळगावच्या विद्यापीठाच्या सहकार्याने, त्यांस समुद्रावरील सुरक्षिततेचे शिक्षण आणि मान्य प्रमाणपत्र देता येईल. ह्याला कोटींचा खर्च लागत नाही, मनावर घेणारा एक अधिकारी लागतो.

महाराष्ट्र शासन ह्या विषयात जणू गुजरातचा प्रश्न म्हणून गप्प आहे. आम्हांस हे समजत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली; तेथून आखाताचे तोंड काही दूर नाही. त्या बंदरात ह्या सामग्रीसाठी जागा ठेवावी की न ठेवावी ह्याचा विचार तरी व्हावा. मात्र त्याच किनाऱ्यावरील मच्छीमारांनी बंदरास जो विरोध केला आहे तो ऐकूनच हा विचार करावा लागेल. समुद्र मोकळा दिसतो, म्हणून तो कोणाचाच नसतो असे नव्हे. साक्रीचे डोंगरही मुंबईच्या कचेरीतून मोकळेच दिसले होते.

साक्रीकडेच पुन्हा वळू, कारण पहिली कसोटी आखातात नव्हे, येथेच लागणार आहे. तेथील जुन्या, लहान पवनचक्क्यांचे आयुष्य संपत येत आहे. अशा यंत्रांच्या जागी मोठी यंत्रे बसविण्याचे धोरण केंद्र सरकारने डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केले आहे. म्हणजे त्याच डोंगरांवर नवे करार होतील, आणि पहिल्या वेळी जे विचारले नाही ते विचारण्याची संधी येईल. जुनी पाती कोठे टाकणार? दुरुस्तीची कार्यशाळा साक्रीत निघेल काय? ज्यांचे वनहक्काचे दावे पडून आहेत त्यांचा निकाल आधी की यंत्रे आधी? एखाद-दुसरी पवनचक्की गावांच्या सहकारी संस्थेच्या नावे असण्यास हरकत कोणती? हे प्रश्न करारावर सही होण्यापूर्वी, ग्रामसभेत आणि मंत्रालयात, एकाच वेळी मांडले गेले पाहिजेत.

खानदेशातील आमदार-खासदारांनी पक्ष बाजूस ठेवून एक निवेदन तयार करावे आणि ते साक्रीच्या करारांसाठी मुंबईस, आखाताच्या अटींसाठी दिल्लीस न्यावे. कोणी न्यावे हे त्यांनी आपसांत ठरवावे. त्यातच वर्ष जाऊ नये म्हणजे झाले. मसुदा तपासून देण्याचे काम हवे तर आम्ही करू. लाल शाईची आम्हांस जुनी सवय आहे.