बक्षीस वितरणाच्या आधीचा फोटो

आमच्या घरी कपाटाच्या अगदी वरच्या कप्प्यात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात माझ्या तियूंची पदकं आहेत आणि तीन फोटो. तियू म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ. पंधरा-सोळा वर्षं ते पेडणे तालुक्यात गोलकीपर म्हणून खेळले. मांद्रे, हरमल, कोरगाव, धारगळ, कधी तर पार साखळीपर्यंत. तिन्ही फोटो बक्षीस वितरणाचे आहेत. मधोमध चषक, चषकाला हात लावून पाहुणे, बाजूला माईकवाला आणि खाली गवतावर उकिडवे बसलेले खेळाडू. एका फोटोत तियू मागच्या रांगेत आहेत आणि प्रमुख पाहुण्यांच्या खांद्याआड त्यांचा अर्धाच चेहरा दिसतो. एका फायनलमध्ये त्यांनी लागोपाठ दोन पेनल्टी अडवल्या होत्या. ती गोष्ट आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात निदान एकदा तरी सांगितली जाते. त्या दोन पेनल्टींचा फोटो मात्र नाही. तियू गोलसमोर उभे आहेत असा एकही फोटो कुणाकडे नाही.

कुठल्याही वर्तमानपत्राचं क्रीडापान उघडून बघा. गावपातळीवरच्या स्पर्धेची बातमी असली की सोबत फोटो बक्षीस वितरणाचाच. गोल कुणी मारला ते मजकुरात शोधावं लागतं, पाहुण्यांची नावं मात्र फोटोखाली डावीकडून उजवीकडे. पूर्वी मला वाटायचं की ही निव्वळ खुशामत. स्वतः कॅमेरा हातात घेतल्यावर कळलं, की खुशामत अर्धीच आहे, उरलेली अर्धी लेन्स आहे. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८-५५ च्या लेन्सने, अगदी मोबाईलनेही, चषकाचा फोटो झकास येतो. सगळे स्तब्ध उभे, तीन मीटरवर. चाळीस मीटरवर हवेत उडालेल्या गोलकीपरचा फोटो त्या लेन्सने येत नाही. आला तरी त्यात गोलकीपर मुंगीएवढा असतो.

म्हणून हा लेख टेलिफोटो लेन्सवर. मराठीच्या अंकात लेन्सचं काय काम, असं संपादक मंडळातल्या एका मैत्रिणीने विचारलंच. तिला मी तो डबा दाखवला.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्यासारख्या, म्हणजे घरून पैसे मागायला लाज वाटणाऱ्या विद्यार्थ्यांनी मोठ्या पांढऱ्या लेन्सची वाट बघत बसू नये आणि आकड्याला भुलून सर्वांत लांबची लेन्सही घेऊ नये. लेन्स निवडावी ती आपल्या मैदानाच्या मापाने आणि आपल्या संध्याकाळच्या उजेडाने.

पांढऱ्या लेन्सचा मोह मलाही झाला होता. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हा गॅलरीत बसून मी खेळ कमी आणि खाली ओळीने बसलेले फोटोग्राफर जास्त बघितले. त्यातल्या बऱ्याच जणांकडे ७०-२०० एफ २.८ किंवा त्याहून मोठी लेन्स. घरी येऊन किंमत बघितली. नवी घ्यायची तर लाखाच्या वर, माझ्या तिन्ही वर्षांच्या फीपेक्षा कितीतरी जास्त. वजन जवळपास दीड किलो. एवढं वजन आणि एवढी किंमत कशामुळे, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं. २०० मिलिमीटरला एफ २.८ हवं तर आतली वाट सुमारे ७१ मिलिमीटर रुंद लागते. २५० ला एफ ५.६ चालत असेल तर ४५ मिलिमीटर पुरते. पैसे आपण त्या रुंद काचेचे मोजतो. तिचा फायदाही खरा आहे, कारण एफ ५.६ पेक्षा एफ २.८ मधून चौपट उजेड आत येतो.

पण ते फोटोग्राफर कुठे बसले होते? फातोर्ड्याला २०१७ साली १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले, आयएसएलचे तर २०१४ पासून होतात. तिथे दिवे टीव्हीच्या कॅमेऱ्यांसाठी लावलेले असतात, आणि फोटोग्राफरला ठरवून दिलेल्या जागेपलीकडे पाय टाकता येत नाही. आपल्याकडे उलट. भात कापून झाल्यावर मळ्यातच बांबूचे गोल उभे राहतात, बघायला बसायचं ते बांधावर नाहीतर चिऱ्यांच्या भिंतीवर. कुणीही अडवत नाही. गोलपोस्टपासून चार पावलांवर जाऊन बसले तर फार तर बॉल अंगावर येतो. मैदानाजवळ जाण्याची ही मुभा फुकट मिळते आणि लेन्स विकत घेताना कुणीच तिचा हिशेब धरत नाही.

हिशेब असा. माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे सेन्सरची उंची साधारण १५ मिलिमीटर. २५० मिलिमीटरवर, ४० मीटर अंतरावरचा खेळाडू आडव्या फ्रेमची पाऊण उंची भरतो. फुटबॉलचं पूर्ण मापाचं मैदान १०५ मीटर लांब असतं, पेनल्टी एरिया गोलरेषेपासून १६.५ मीटरपर्यंत. म्हणजे गोलच्या बाजूला बसलं तर पेनल्टी एरियातलं सगळं आणि त्यापुढे जवळजवळ मध्यरेषेपर्यंतचं हाती लागतं. गावची मैदानं तर त्याहून लहानच. पलीकडच्या गोलातलं जे निसटतं ते निसटू द्यावं. १५०-६०० सारखी लांबलचक लेन्स घेऊन आलेल्या एका पाहुण्याला मी बघितलं आहे. समोर सहा मीटरवर गोल झाला आणि त्याच्या फ्रेममध्ये फक्त एक गुडघा आला.

ही झाली लांबीची गोष्ट. उजेडाची गोष्ट जास्त कठीण आहे. आपले सामने साडेचारला ठरतात आणि पाहुणे आल्यावर, म्हणजे पाचला, सुरू होतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पहिल्या हाफमध्ये स्वस्त लेन्स राजासारखी चालते. दुसऱ्या हाफमध्ये, म्हणजे नेमका निकाल लागतो तेव्हा, तिन्हीसांज झालेली असते. धावणारा खेळाडू स्थिर टिपायचा तर शटर एक सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढं, निदान पाचशेव्या भागाएवढं हवं. एफ ५.६ वर तेवढं शटर ठेवायला आयएसओ ६४०० करावा लागतो आणि फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. एफ २.८ वर तेच काम १६०० मध्ये झालं असतं. लेन्समधल्या स्टॅबिलायझरने हे सुटेल असं बऱ्याच जणांना वाटतं. स्टॅबिलायझर आपल्या हाताची थरथर सांभाळतो, समोरच्या लेफ्ट विंगला तो थांबवू शकत नाही.

माझं उत्तर असं: दाणे चालतील. दाण्यांचा फोटो हा फोटो असतो, हललेला फोटो नसतो. शटर कमी करून गुळगुळीत, पण तोंड ओळखता न येणारा फोटो काढण्यापेक्षा आयएसओ वाढवावा. मोबाईलच्या स्क्रीनवर आणि वर्तमानपत्राच्या कागदावर दाणे अर्धे मरतात.

कबड्डीत मात्र हे उत्तर चालत नाही. गोव्यात फुटबॉल म्हटलं की लोकांना सासष्टी आठवते, पण पेडणे आणि डिचोलीत कबड्डीला आणि व्हॉलीबॉलला होणारी गर्दी एकदा बघून यावी. सामने रात्री, नाहीतर हॉलमध्ये. तिथे २५० मिलिमीटरची लेन्स नुसती ओझं आहे. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर. ८५ मिलिमीटर एफ १.८ ही झूम नसलेली लेन्स क्रॉप कॅमेऱ्यावर लावली तर १३-१४ मीटरवरचा खेळाडू फ्रेमची पाऊण उंची भरतो. म्हणजे एका टोकाला बसून दुसऱ्या टोकापर्यंतचं काम होतं, आणि रेडर जवळ आला की कॅमेरा उभा धरायचा. एफ ५.६ च्या जवळपास दहापट उजेड तिच्यातून येतो. जिथे झूमला आयएसओ १२८०० लागतो तिथे हिला बाराशे-तेराशे पुरतो. ८५ परवडत नसेल तर ५० मिलिमीटर एफ १.८ घ्यावी आणि आठ मीटरवर बसावं. तिला टेलिफोटो म्हणायचं की नाही यावर वाद घालणारे मला भेटले आहेत, त्यांच्याकडे कबड्डीचा एकही फोटो नव्हता. एक अडचण राहते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात आणि जलद शटरवर एक फोटो उजळ तर पुढचा पिवळट येतो. काही कॅमेऱ्यांत त्यासाठी अँटी-फ्लिकर असतं. माझ्यात नाही. मी तीन फोटो सलग काढते आणि एक ठेवते.

आता पैशांचं. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८ मध्ये मिररलेससाठी नवे माउंट आणले, तेव्हापासून लग्नाचे फोटोग्राफर आपल्या जुन्या डीएसएलआर लेन्स विकत सुटले आहेत. बजेटवाल्यांसाठी यापेक्षा चांगला काळ नाही. मी कॅननची ५५-२५० एसटीएम अशीच म्हापशाला एका फोटोग्राफरकडून नऊ हजारांना घेतली. ३७५ ग्रॅम वजन, कदंबच्या गर्दीत पिशवीत राहते. पण जुनी लेन्स घेताना नुसता चेहरा बघून घेऊ नये. माझ्या वर्गमित्राने निकॉनची जुनी ८०-२०० एफ २.८ डी घेतली, चांगली दणकट, स्वस्तात. त्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती कॅमेऱ्यात असावी लागते, आणि त्याच्या डी ३४०० मध्ये ती नाही. चूक त्याचीच, विचारलं नाही. आता तो हाताने फोकस करतो. फुटबॉलला काही जमत नाही, पण व्हॉलीबॉलच्या जाळीवर आधीच फोकस लावून बसतो आणि जाळीवर उडी घेणाऱ्यांचे त्याचे फोटो माझ्यापेक्षा चांगले येतात, हे इथे कबूल करून टाकते.

दुसरी भीती बुरशीची. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना घाम येतो, तिथे काचेची काय कथा. लेन्स घेण्याआधी मागून टॉर्च मारून आत बघावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर किंमत कितीही पाडली तरी परत द्यावी. घरी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावी. चामड्याच्या सुंदर पाकिटात तर मुळीच नको, चामडं ओल धरतं. आणि डिचोलीकडच्या मैदानांवर उन्हाळ्यात तांबडी धूळ उडत असताना लेन्स बदलू नये. काय लावायचं ते घरून ठरवून निघावं.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकते, की एवढं कशाला, मोबाईल आहे ना. मोबाईलने बांधावरून काढलेला व्हिडिओ मलाही आवडतो, आरडाओरड्यासकट. पण त्यातून गोलकीपरचा चेहरा कापून मोठा करून बघा, काय उरतं ते. दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: ज्या मुलांना बूट घ्यायची मारामार, त्यांच्या मैदानावर नऊ हजारांची लेन्स घेऊन बसायचं हे कुणाचं लाड? मला याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. इतकंच म्हणते, की लेन्स एकट्याची असायला नको. कॉलेजच्या क्रीडा विभागाने किंवा गावच्या क्लबने एक ७०-२०० एफ २.८ जुनी घेऊन ठेवली आणि शिकलेल्या चार मुलांना आळीपाळीने दिली, तर वर्षाच्या चषकांवर जो खर्च होतो त्यातून ती निघण्यासारखी आहे. चषक दरवर्षी थोडा उंच होत चालला आहे. एक वर्ष वाढला नाही तर पाहुणे रागावणार नाहीत.

लेन्स आल्यावर पहिले दोन आठवडे मी बॉलच्या मागे लेन्स फिरवत राहिले आणि घरी येऊन पाठमोऱ्या खेळाडूंचे दोनशे फोटो पुसले. तियूंनी ते बघितले होते. म्हणाले, "बाय, बॉलच्या मागे धावू नको. तो कुठे येणार ते ठरव आणि तिथे बस." गोलकीपरचं आयुष्य असंच गेलेलं असतं, त्यामुळे मी ऐकलं.

फेस्ताआधीच्या स्पर्धेत, शेवटची दहा मिनिटं राहिली असताना मी डाव्या पोस्टच्या बाजूला बसून होते. उजेड जवळजवळ संपलेला, आयएसओ ६४००, मागे कुणाच्या तरी स्कूटरचा दिवा. फ्री किक आली. एकोणीस वर्षांचा गोलकीपर पूर्ण आडवा हवेत, बोटांची टोकं बॉलला लागलेली, डोळे उघडे. हातमोजे थोडे हललेत, दाणे भरपूर आहेत. त्या मुलाने तो फोटो त्याच रात्री डीपीला लावला.

घरी आल्यावर मी तो तियूंना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डावा पाय उशिरा उचलला त्याने. पण पोचला."