पाव मैलाची तयारी



गेल्या महिन्यात एका सायंकाळी माझ्या धाकट्या बंधूंचा नातू घरी आला. वय चोवीस, शिक्षण पूर्ण, गुलमंडीवरील कापडाच्या दुकानात वडिलांच्या हाताखाली बसतो. त्याने पिशवीतून एक अर्ज काढून माझ्यासमोर ठेवला. "दादाजी, पप्पांची सही हवी आहे. तुम्ही शब्द टाकलात तर ते नाही म्हणणार नाहीत."

अर्ज ड्रॅग रेसचा होता. माझी बँकेतील सारी नोकरी कर्जाचे अर्ज वाचण्यात गेली, त्यामुळे कोणताही कागद हाती आला की आधी मागचे पान वाचायचे ही सवय जडली आहे. मागच्या पानावर स्पष्ट लिहिले होते : वाहनाची व स्वतःच्या जिवाची जबाबदारी स्पर्धकाची, वाहन दुसऱ्याच्या नावावर असल्यास मालकाची लेखी संमती आवश्यक.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन वाहने शेजारीशेजारी उभी करतात. उभ्या स्थितीतून निघायचे आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, अंतर कापायचे. वळण नाही, फेऱ्या नाहीत. आपल्या राज्यात लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावाने अशा शर्यती झाल्या आहेत. पहिली व्यावसायिक ड्रॅग पट्टीही धावपट्टीवरच, १९५० साली कॅलिफोर्नियातील सांता आना येथे सुरू झाली. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी तेथे या खेळाची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. रस्त्यांवर बेफाम शर्यती लावणाऱ्या तरुणांना नियमांच्या चौकटीत आणावे, हा त्यामागील हेतू होता.

तो हेतू वाचून मी अर्ज परत केला नाही. आपले शहर वाहनांचे शहर आहे. १९८५ पासून वाळूजला बजाजचा कारखाना आहे आणि शेंद्र्याला स्कोडाचा. येथील मुलांना गाड्यांचे वेड नसते तरच नवल. परंतु रात्री उशिरा बीड बायपासवर जे चालते त्याचे आवाज आपण सर्वांनी ऐकले आहेत. आमच्या परिचयातील एका घरचा मुलगा अशाच पैजेत पडला; दोन वर्षे झाली, अजून काठीवाचून चालत नाही. लेखी परवानगीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हा घडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. नातवाला मी सरळ विचारले, "तू कधी गेला होतास का तिकडे?" तो गप्प राहिला. मीही पुन्हा विचारले नाही.

मग विम्याची पॉलिसी मागवली. आपण सारे व्यापारी हप्ता वेळेवर भरतो, पण पॉलिसीतील वापराच्या मर्यादा कितीजण वाचतात? नेहमीच्या मोटार विम्यात आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठी केलेला वापर वगळलेला असतो. म्हणजे त्या ४०२ मीटरमध्ये गाडीला काही झाले तर दावा नाही. शिवाय ही मोटार कर्जावर घेतलेली, आर.सी.वर बँकेच्या तारणाची नोंद. गाडी मोडली तरी हप्ते थांबणार नाहीत. व्यक्तिगत अपघात विम्यातही अनेकदा अशीच अट असते. कर्जाची शिल्लक कागदावर लिहून मी नातवापुढे ठेवली आणि म्हटले, "हा तुझा खरा प्रवेश-शुल्क आहे." त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला.

मोटारच का, हेही सांगायला हवे. त्याच्या मनात आधी मोटारसायकल होती. दुचाकीस्वाराला बहुतेक ठिकाणी अंगभर चामड्याचा पोशाख लागतो. आपल्या घरात त्यावर चर्चा होण्याचे कारण नव्हते. जाड नायलॉनची जॅकेटे मिळतात, पण ती आयोजक मान्य करतीलच असे नाही. मोटारीला ती अडचण नाही. बंद बूट, हेल्मेट आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. सुतीच, कारण आगीत कृत्रिम धागा वितळून त्वचेला चिकटतो. कापडाच्या व्यापाऱ्याच्या मुलाला हे मी सांगावे लागले याची गंमत वाटली. हेल्मेट कोणत्या दर्जाचे चालेल हे मात्र आयोजकांनाच विचारावे.

तयारीचे बाकीचे काम त्याने मन लावून केले. स्पर्धेला एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाची मान्यता आहे का, रुग्णवाहिका व अग्निशमनाची सोय आहे का, याची चौकशी झाली. टायर, तेलगळती, चाकांचे नट तपासले. डिकीतून कापडाचे नमुने, छत्री, पाण्याच्या बाटल्या निघाल्या, कारण सुटी वस्तू पॅडलखाली गेली तर ब्रेक दाबता येत नाही.

सुरुवात कशी होते ते त्याने मला टेबलावर दोन काड्यापेट्या ठेवून समजावले. आरंभरेषेवर प्रकाशाचे दोन किरण असतात. पुढचे चाक पहिल्यात गेले की एक दिवा, दुसऱ्यात गेले की दुसरा. मग पिवळे दिवे, मग हिरवा. आधी निघाल्यास लाल लागतो आणि ती फेरी बाद. दिव्यांच्या त्या खांबाला ख्रिसमस ट्री म्हणतात. मला आवडली ती घड्याळाची रीत. अंतराची वेळ हिरवा दिवा लागल्यापासून नव्हे, तर चाक किरणातून बाहेर पडल्यापासून मोजतात. दिव्यानंतर निघायला लागलेला विलंब स्वतंत्र नोंदतात. खतावणीत दोन खाती वेगळी ठेवावीत तसे. पहिल्यांदा जाणाऱ्याने हिरव्यावर झडप घालायची गरजच नाही. शांतपणे निघाला तरी स्वतःची वेळ बिघडत नाही. शेजाऱ्याशी लढत असेल तेव्हा तो विलंब नडतो, पण ते पुढचे. आपली मार्गिका सोडायची नाही, रेषा ओलांडल्यावर एकदम ब्रेक मारायचा नाही, एवढे मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतले.

आदल्या दिवशी पुण्यात नातेवाइकांकडे मुक्काम, सूर्यास्तापूर्वी जेवण, सोबत खाखऱ्याचा डबा, हे सूनबाईंनी परस्पर ठरवले. तिचा विरोध मावळला असे नाही. डबा भरणे हे तिच्या हातात होते.

रात्री पुतण्या आला. संपूर्ण अर्ज वाचला, माझा कर्जाच्या शिल्लकीचा कागदही वाचला. मुलाला एकच प्रश्न केला, "ब्रेकचे पॅड कधी बदलले होते?" उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला गेली. पुढचे दोन्ही पॅड झिजलेले निघाले. याच गाडीतून सारे कुटुंब नुकतेच कचनेरला दर्शनाला जाऊन आले होते.

सही त्याने पॅडचे बिल पाहिल्यावर केली.