इंजिन मोठं, आरसी छोटी

ऑफिसच्या कँटीनमध्ये दोन विषय कधीच शिळे होत नाहीत. अप्रेझल आणि गाड्या. फ्रीलान्सरला अप्रेझल नसतं, त्यामुळे आज गाड्या!

हिंजवडीत कोडिंग करणारा माझा एक मित्र सध्या प्रेमात पडलाय. 2003 ची मारुती झेन, रंग काळा, आणि बॉनेटखाली चक्क एस्टीमचं इंजिन. झेनचं मूळ इंजिन 993 सीसीचं, ताकद साधारण 60 बीएचपी. एस्टीमचं 1298 सीसी आणि 85 बीएचपी. दोन्ही सुझुकीच्या एकाच घराण्यातली भावंडं, म्हणून एक-दोन मेकॅनिक आणि एक वीकेंड हाताशी असला की काम होतं. हलकी गाडी, दीडपट जोर. एक्स्प्रेस-वेवर मोठमोठ्या एसयूव्ही आरशात लहान होत जातात म्हणे. साहेबांनी दहा हजारांचं टोकनही देऊन टाकलंय.

मी विचारलं, "आरसीवर काय लिहिलंय?"

"993. पण यार, बॉनेट उघडून सीसी मोजणारा पोलीस तू पाहिलायस का?"

नाही पाहिला. पण लोच्या पोलिसाचा नाहीच आहे.

मोटार वाहन कायदा 1988 चा. त्यातलं कलम 52 सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल, असा कोणताही बदल मालकाने गाडीत करायचा नाही. पूर्वी आरटीओला कळवून आणि परवानगी घेऊन असे बदल करता यायचे. 2000 सालच्या दुरुस्तीने ते दार बंद झालं. तरी काही वर्षं गोंधळ चालूच होता. केरळ हायकोर्टाने तर राज्याच्या नियमांचा आधार घेत बदलांना हिरवा कंदील दाखवला होता. 9 जानेवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. कंपनीने ठरवलेलं मूळ स्पेसिफिकेशन बदलता येणार नाही, विषय संपला. म्हणजे "आरटीओत माझी ओळख आहे, चढवून देतो" म्हणणारा एजंट तुम्हाला चक्क टोपी घालतोय. मोठ्या सीसीची नोंद करायचा अधिकार त्या ओळखीच्या साहेबांनाही नाही.

सप्टेंबर 2019 पासून शिक्षाही वेगळी लिहिलेली आहे. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही.

सरकारला सीसीचं एवढं काय पडलंय? एक कारण ब्रेकचं. 60 बीएचपीसाठी बनवलेले ब्रेक, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन कोणीतरी टेस्ट करून पास केलेले असतात. 85 साठी ते पास करणारा तुमचा गॅरेजवाला असतो, आणि त्याची टेस्ट म्हणजे बायपासवर एक चक्कर. दुसरं कारण पैशाचं. तुमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधल्या पेट्रोल हॅचबॅकचे आकडे बघा... 1197, 1198, 1199. योगायोग नाही हा! चार मीटरच्या आत आणि 1200 सीसीच्या आत असलेल्या पेट्रोल गाडीला सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के जीएसटी आहे, त्यापुढच्या गाडीला 40. थर्ड पार्टी इन्शुरन्सचं गणितही सीसीवरच. 2022 च्या दरांत 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये आणि 1000 ते 1500 सीसीला 3,416.

आता मित्राकडे वळू. झेनचं इन्शुरन्स 993 सीसीवर निघालंय. उद्या घाटात गाडी ठोकली, सर्व्हेअर आला, त्याने इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहिला. तो पोलिसासारखा घाईत नसतो, त्याचं कामच ते. नंबर जुळला नाही, की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. समोरच्याला लागलं असेल तर कोर्टकचेरी वेगळीच. तेराशे रुपयांचा प्रीमियम वाचवून ही रिस्क घ्यायची?

आणि ही तारीख तर कोणीच टाळू शकत नाही : खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं, नंतर दर 5 वर्षांनी पुन्हा. 2003 ची झेन म्हणजे 2018, 2023 आणि आता 2028. दर वेळी इन्स्पेक्टरसमोर गाडी उभी करायची, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दाखवायचा. शिवाय ते एस्टीमचं इंजिन आलं कुठून? कुर्ल्याच्या स्क्रॅप मार्केटमधून आलं असेल, तर त्यावरचा नंबर दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचा. ती गाडी चोरीची निघाली तर पोलीस चौकीत चहा प्यायला मित्रालाच जावं लागेल.

मग काहीच करायचं नाही का? इंजिन गेलंच असेल तर त्याच मेकचं, त्याच प्रकारचं बसवा, बिल जपून ठेवा आणि नवा नंबर आरसीवर चढवून घ्या. सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट चालतं, पण किट मान्यताप्राप्त हवं. आपल्या कोथरूडच्या एआरएआयसारख्या संस्था त्यासाठीच आहेत. आणि फक्त ट्रॅकवर पळवायची असेल तर मनासारखी बनवा, ट्रेलरवर चढवून न्या.

पण एक खटकतंच. जर्मनीत बदललेली गाडी तज्ज्ञाला दाखवायची, ब्रेकबिक तपासून तो पास करतो आणि बदल कागदावर चढतो. ब्रिटनमध्ये इंजिन बदललं की डीव्हीएलएला आणि इन्शुरन्सवाल्याला कळवायचं. आपल्याकडे मात्र मोठे ब्रेक, नीट वेल्डिंग, सगळं व्यवस्थित करणारा शौकीन आणि भंगारातलं इंजिन तारेने बांधणारा, दोघं एकाच रांगेत. तपासायची सोयच नसली की लोक लपवतात, आणि लपवलेलं इंजिन जास्त धोक्याचं. निदान फी भरून तपासणी करून घ्यायची एक खिडकी तरी हवी होती.

तोवर जुनी गाडी घेताना टोकनच्या आधी बॉनेट उघडा. इंजिनच्या ब्लॉकवर ठोकलेला नंबर शोधा. काजळीखाली असतो, फडकं आणि मोबाईलचा टॉर्च जवळ ठेवा. मग एकेक आकडा आरसीशी जुळवा. विकणारा "त्याची काय गरज आहे" म्हणाला, तर दुसरी गाडी बघा.